पेशव्यांचा जासूद: त्रिंबकजी डेंगळे ह्याच्या चरित्रापासून बोध

प्रास्ताविक

शिरूर व दौंड ह्या भागांतील वाचकांस भीमा नदीची ओळख करून द्यावयास नको. शिरूरची घोड नदी पुढे तिलाच मिळते, आणि दौंडचे लोक तर तिच्या काठीच राहतात. ह्याच नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, कोरेगाव आहे. १ जानेवारी १८१८ रोजी तेथे जी लढाई झाली तिचे नाव लहानथोरांस ठाऊक आहे. पलीकडे पेरणे गावच्या हद्दीत जयस्तंभ उभा असून दरसाल त्या दिवशी तेथे मोठा जनसमुदाय लोटतो. परंतु त्या दिवशी कोरेगावात शिरलेल्या एका मनुष्याची हकीकत फारशी कोणी सांगत नाही. तो राजा नव्हता, राजकुळातील नव्हता. तो दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा चाकर होता. त्याचे नाव त्रिंबकजी डेंगळे.

थोर राजांची व सेनापतींची चरित्रे आपण नेहमी वाचतो. चाकराचे चरित्र क्वचितच वाचनात येते. आणि आपणांपैकी बहुतेक तर चाकरी करूनच पोट भरणारे आहोत. कोणी रेल्वेत आहे, कोणी कचेरीत, कोणी शाळेत, कोणी दुसऱ्याच्या शेतावर. म्हणून १८०२ पासून १८१८ पर्यंतच्या त्या राज्यक्रांतीत एका चाकराचे काय झाले, हे समजून घेणे आपणांस राजाच्या चरित्राहून अधिक उपयोगी पडेल. ह्या पाठात एकच प्रश्न मनापुढे ठेवावयाचा आहे: चाकराने धन्याची सेवा करावी, परंतु सेवा म्हणजे काय?

१. जासूद कारभारी होतो

त्रिंबकजी हा संगमनेरजवळील निमगाव जाळी येथील. बाजीरावाच्या पदरी तो जासूद होता. जासूद म्हणजे निरोप्या: थैली घेऊन जावयाचे, ती ज्याची त्याच्या हाती द्यावयाची, आणि उत्तर घेऊन लवकर परत यावयाचे. थैलीत काय आहे हे त्याने विचारू नये. विचारील तर तो जासूद कसला? पाय चपळ आणि तोंड बंद, हेच त्या चाकरीतले भूषण होय.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकराने पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला, आणि बाजीराव पुणे सोडून कोकणात महाडाकडे पळाला. त्या संकटाच्या वेळी पुण्यास पत्र पोहोचवून उत्तर आणावयाचे काम त्रिंबकजीने इतक्या तडफेने केले की, धन्याची नजर त्याजवर बसली, असे सांगतात. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. इंग्रजांच्या फौजेच्या आधाराने १८०३ च्या मे महिन्यात बाजीराव पुन्हा गादीवर बसला, आणि जासूदही त्याच्या पाठोपाठ एकेक पायरी चढू लागला.

येथे धन्याचा स्वभावही ध्यानात घेतला पाहिजे. बाजीरावाचे लहानपण नजरकैदेत गेले होते. ज्याच्या भोवती बाळपणापासून पहारे असतात तो मनुष्य कोणावर विश्वास टाकावयास शिकत नाही. जुने, मानी, तोंडावर बोलणारे सरदार त्यास नकोसे झाले. त्यास असा मनुष्य हवा होता की, ज्याचे सर्व काही धन्याच्या मर्जीवर अवलंबून आहे. तसा मनुष्य त्यास त्रिंबकजीमध्ये सापडला. ग्रांट डफ साहेब आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद करतो की, धन्याची आज्ञा झाली तर आपण गाईचाही वध करू, असे त्रिंबकजीने १८१५ च्या सुमारास बोलून दाखविले होते. हिंदु मनुष्याच्या तोंडी हे बोलणे किती भयंकर होते, हे सांगणे नलगे. त्याचा अर्थ इतकाच की, धन्याच्या शब्दापलीकडे मला धर्म नाही व विवेकही नाही.

त्या काळी मामलती अधिकात अधिक रक्कम देणाऱ्यास मक्त्याने देण्याची चाल पडली होती. मक्तेदाराने सरकारात भरणा करावा आणि तो रयतेपासून वसूल करावा. वरच्याने खालच्यास पिळावे, त्याने पाटलास, आणि पाटलाने कुणब्यास, असा तो क्रम होता. त्रिंबकजीच्या हाती असे मोठमोठे मुलूख आले. १८१४ त अहमदाबादचा मक्ता गायकवाडांकडून काढून घेऊन त्यासच देण्यात आला. धन्याचा खजिना भरत होता. मग खाली कोण रडतो हे पाहण्याचे चाकरास कारण वाटले नाही.

वाचकहो, येथेच ह्या मनुष्याची मोठी चूक दिसून येते. जासुदाचा गुण एक व कारभाऱ्याचा गुण दुसरा. थैलीत काय आहे हे न विचारणे जासुदास शोभते. कारभाऱ्यास शोभत नाही. कारभाऱ्याचे काम हेच की, थैली उघडून पाहावी, आणि आत विष असेल तर धन्यास म्हणावे, ‘महाराज, हे पाठवू नये.’ त्रिंबकजी कारभाऱ्याच्या जागी बसला, परंतु अखेरपर्यंत जासूदच राहिला.

२. पंढरपूरची रात्र

गायकवाड व पेशवे ह्यांच्यामधील देण्याघेण्याचा जुना वाद मिटविण्यासाठी बडोद्याहून गंगाधरशास्त्री पटवर्धन हे १८१४ त पुण्यास आले. त्यांच्या जीविताची हमी इंग्रजांनी घेतली होती. पुढे ते पेशव्यांबरोबर पंढरपुरास गेले. तेथे १४ जुलै १८१५ रोजी रात्री, विठोबाचे दर्शन घेऊन परत येत असता, मारेकऱ्यांनी त्यांचा वध केला. त्या रात्री देवळास येण्याचा आग्रह त्यांस त्रिंबकजीकडूनच झाला होता, असे उघड झाले. पुण्याचा इंग्रज वकील एल्फिन्स्टन ह्याने त्यास दोषी ठरवून त्यास स्वाधीन करण्याची मागणी केली.

ह्या आरोपाचा निवाडा न्यायासनापुढे साक्षीपुराव्याने झाला नाही. म्हणून आपण न्यायाधीश होऊन बसू नये. परंतु पुढे धन्याने काय केले ते पाहा. बाजीरावाने प्रथम टाळाटाळ केली, मग त्यास वसंतगडावर अटकेत ठेविले, आणि इंग्रज फौजेची भीती पडताच सप्टेंबर १८१५ मध्ये त्यास इंग्रजांच्या हवाली केले. जो धन्याच्या शब्दाखातर काहीही करावयास सिद्ध होता, त्याच्याकरिता धनी आपली गादी धोक्यात घालावयास तयार नव्हता.

३. ठाण्याचा तुरुंग व मोतद्दाराचे गाणे

त्रिंबकजीस ठाण्याच्या किल्ल्यात ठेविले. पहारा गोऱ्या शिपायांचा होता. हेतू हा की, आपल्या मुलखातील मनुष्याने त्यास फितवू नये. परंतु ह्या सावधगिरीतच खोट होती. किल्ल्यातील एका साहेबाच्या पदरी एक मराठा मोतद्दार राहिला. तो रोज कैद्याच्या खिडकीखाली घोड्यास खरारा करी, आणि खरारा करता करता गाणे म्हणे. गाण्यात पळून जाण्याचा सारा बेत भरलेला असे. गोरा पहारेकरी ते ऐके, पण मराठी समजतो कोणास? १८१६ च्या सप्टेंबरात एका रात्री भिंतीस भगदाड पाडून त्रिंबकजी निसटला. ही मोतद्दाराची गोष्ट कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर ह्यांनी आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेविली आहे.

ह्यानंतरची नऊ महिन्यांची हकीकत वाचून मन खिन्न होते. त्रिंबकजी डोंगरात माणसे जमवू लागला. बाजीराव आतून त्यास पैसा पुरवी, आणि बाहेर इंग्रज वकिलास सांगे की, तो कोठे आहे हे मला ठाऊक नाही. १८१७ च्या मे महिन्यात एल्फिन्स्टनने पुण्याभोवती फौज उभी केली आणि सिंहगड, पुरंदर व रायगड हे किल्ले तारण म्हणून मागितले. तेव्हा त्याच बाजीरावाने आपल्या चाकरास पकडून देणाऱ्यास मोठे बक्षीस जाहीर केले. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहात त्याने लिहून दिले की, शास्त्र्यांच्या खुनाचा दोष त्रिंबकजीवर आहे असे मी मानतो. आणि तो सापडेपर्यंत त्याची बायकामुले इंग्रजांकडे ओलीस राहावी, हेही कबूल केले. एकीकडे पैशाची थैली, दुसरीकडे पकडण्याचे बक्षीस, आणि दोहोंवर शिक्का एकाच धन्याचा!

४. कोरेगाव

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. नोव्हेंबरच्या मध्यास पुणे इंग्रजांच्या हाती गेले, आणि बाजीरावाची धावपळ सुरू झाली: माहुली, पंढरपूर, मग उत्तरेकडे जुन्नर प्रांत. तेथे त्रिंबकजी नवी कुमक घेऊन त्यास येऊन मिळाला. ज्याने आपल्यास पकडण्याचे बक्षीस लाविले, त्याच्याच संकटात तो धावून आला. येथे त्याच्या निष्ठेविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही, आणि तो आदर मनातून काढून टाकण्याचे काही कारण नाही.

पुण्याच्या रक्षणार्थ कुमक मागविल्यावरून कॅप्टन स्टाँटन हा ३१ डिसेंबरच्या रात्री आठ वाजता शिरूरच्या छावणीतून निघाला. त्याजबरोबर मुंबई पायदळाचे सुमारे ५०० शिपाई, अदमासे २५० स्वार, दोन तोफा आणि त्यांवरील २४ गोलंदाज होते. रात्रभर सुमारे २७ मैल चालून ते सकाळी कोरेगावास आले तो समोर पेशव्यांचे अफाट घोडदळ! त्यांनी गावाचा आश्रय घेतला. दिवसभर गल्लीगल्लीत, घराघरात झुंज झाली. पुढे नदी वाहत असता आतील शिपायांस रात्र पडेपर्यंत पाण्याचा घोट मिळाला नाही. त्या शिपायांत आपल्याच मुलखातील महार पुष्कळ होते. जयस्तंभावरील नावांत ‘नाक’ शेवटी असलेली नावे आजही वाचता येतात. ज्या राज्यात त्यांच्या सावलीचाही विटाळ मानीत, त्या राज्याविरुद्ध ते उभे होते. त्यांच्या स्मरणार्थ डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे आले होते, हे वाचकांस माहीतच आहे.

पेशव्यांच्या बाजूने हल्ल्याची व्यवस्था बापू गोखले, आप्पा देसाई व त्रिंबकजी हे पाहत होते. डफ साहेब लिहितो की, एका वेळी त्रिंबकजी स्वतः गावात शिरला होता. आणि त्याच वेळी धनी कोठे होता? नदीच्या पलीकडे, सुमारे दोन मैलांवर, एका उंचवट्यावर. तेथून तो आपल्या सरदारांस टोमणे मारीत होता की, एवढ्याशा पलटणीपुढे तुमच्या बढाया कोठे गेल्या? जवळ साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज बसले होते. त्यांनी उन्हासाठी अब्दागीर धरविली, तो बाजीराव घाबरा होऊन ती खाली घेण्यास विनवू लागला. कारण इंग्रज तिजवर नेम धरून गोळा टाकतील!

वाचकहो, हे दोन देखावे शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन मैलांवर छत्रीच्या सावलीस भिणारा धनी, आणि धुराने भरलेल्या गावात जीव धोक्यात घालणारा चाकर. ज्यास मरणाच्या तोंडात शिरण्याचे धैर्य होते, त्यास त्या धन्यापुढे ‘नाही’ हा एक शब्द उच्चारण्याचे धैर्य मात्र जन्मभर झाले नाही. तलवारीपुढे उभे राहणे कठीण खरे. परंतु मर्जीपुढे उभे राहणे त्याहूनही कठीण आहे.

रात्री नऊच्या सुमारास गोळीबार थांबला. जनरल स्मिथची फौज जवळ येत आहे हे कळून दुसऱ्या दिवशी पेशव्याने आपला तळ हालविला, आणि स्टाँटन आपले जखमी लोक घेऊन शिरुरास परतला.

५. गंगेच्या काठी दोन घरे

२० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टी येथे बापू गोखले लढता लढता पडला. जूनच्या आरंभी बाजीराव सर जॉन माल्कम ह्याच्या स्वाधीन झाला. त्यास सालिना आठ लक्ष रुपये नेमणूक ठरली व कानपुराजवळ ब्रह्मावर्त म्हणजे बिठूर येथे राहावयास जागा मिळाली. तेथे तो सुमारे बत्तीस वर्षे राहिला व २८ जानेवारी १८५१ रोजी वारला.

आणि चाकर? त्याच वर्षी नाशिककडे अहिरगाव येथे कॅप्टन स्वान्स्टन ह्याने त्यास पकडले. हा स्वान्स्टन कोरेगावच्या लढाईत जखमी झालेला अंमलदार होता. त्रिंबकजीस पुढे मिर्झापुराजवळच्या चुनारच्या किल्ल्यात नेऊन ठेविले. बिठूर गंगेच्या काठी आणि चुनारही गंगेच्याच काठी. धन्याच्या वाड्याखालून वाहणारे पाणी पुढे चाकराच्या तुरुंगाखालून जात होते. एका सेवेची दोघांस मिळालेली ही दोन वेतने होत.

१८२४ च्या सप्टेंबर महिन्यात बिशप हेबर नदीतून प्रवास करीत चुनारास आले व त्यांनी ह्या कैद्याची भेट घेतली. ते लिहितात की, पहारा मोठा कडक होता. गोरे व देशी असे दोन्ही शिपाई त्यास क्षणभरही नजरेआड होऊ देत नसत. तथापि राहण्यास दोन हवाशीर खोल्या, पूजेसाठी लहानसे देऊळ आणि पिंपळाच्या सावलीत एक बाग होती. तीत त्याने हौसेने फुलझाडे लाविली होती. तो अंगाने लहान, चपळ व चिडखोर दिसणारा मनुष्य होता. अंगावर तांबड्या काठाचे मळके पांघरूण घेतलेले होते. त्याने बिशपांस आपली बाग व देऊळ दाखविले, आणि आपल्या सुटकेसाठी गव्हर्नर जनरलाकडे शब्द टाकण्याची विनंती केली. चांगल्या वर्तनाबद्दल हवा तेवढा जामीन देण्यास तो तयार होता. पूर्वी जितका कंपनीचा वैरी होतो त्याहून अधिक तिचा मित्र होईन, असेही तो म्हणत असे. परंतु ती विनंती कोणी मान्य केली नाही. १८२९ त चुनार येथेच त्याचा अंत झाला.

ह्या शेवटच्या विनंतीस हसू नये. कैदेत पडलेल्या मनुष्याने सुटका मागावी हे स्वाभाविक आहे. तरी तिच्यात एक दुःखद गोष्ट दिसते. ज्याने धन्याची मर्जी हाच आपला धर्म मानिला, त्याचा धनी गेल्यावर धर्मही गेला. मग तो नव्या धन्याची मर्जी शोधू लागला. आतला आधार नसला म्हणजे मनुष्यास नेहमी बाहेरचा खांब लागतो.

आणखी एक गोष्ट हेबर सहज लिहून जातात. त्रिंबकजीबरोबर त्या किल्ल्यात त्याचे स्वतःचे चार चाकर राहत असत. घरापासून शेकडो कोस दूर, जेथे ना इनाम ना बढती, तेथे ते चौघे राहिले. त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. त्या मोतद्दाराचेही नाव हेबर सांगत नाहीत. मोठ्या चाकराची कीर्ती व अपकीर्ती दोन्ही इतिहासात राहिली. लहान चाकरांची केवळ सेवा राहिली.

६. बापाचा चाकर

कोणी म्हणेल, त्या काळी राजाच्या चाकराने दुसरे काय करावयाचे होते? ‘नाही’ म्हणता तर डोके उडाले असते. ह्यास उत्तर त्याच घराण्याच्या इतिहासात आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. त्याचा चुलता रघुनाथराव पेशवा झाला. हा रघुनाथराव म्हणजे बाजीरावाचा बाप. त्याने न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे ह्यांस खुनाचे प्रायश्चित्त विचारले. शास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि तुमच्या राज्यात मी राहणार नाही असे म्हणून पुणे सोडून वाईजवळ एका खेड्यात जाऊन राहिले, अशी परंपरा डफ साहेबानेही दिली आहे. पुढे रघुनाथराव पदच्युत झाल्यावर त्यांस सन्मानाने परत बोलाविण्यात आले.

रामशास्त्रीही पेशव्यांचे चाकरच होते; सरकारचेच वेतन घेत होते. परंतु त्यांनी आपले श्रम विकले होते, आपला विवेक विकला नव्हता. बापास ‘नाही’ म्हणणारा चाकर लाभला आणि त्याने ऐकिले नाही. मुलाने ‘होय’ म्हणणाराच चाकर निवडला आणि त्या होकाराबरोबर राज्यही गेले. पेशवाई बुडण्याची कारणे अनेक होती. एका त्रिंबकजीने ती बुडविली असे म्हणणे अन्याय होईल. परंतु ज्या दरबारात ‘नाही’ म्हणणारे कोणी उरत नाही, तो दरबार राज्य पालटण्याच्या आधीच आतून पडलेला असतो.

७. बोध

पहिला बोध: निष्ठा हा सद्गुण आहे, पण ती एकटी पुरत नाही. सत्याची सोबत नसली तर ती धन्यासही बुडविते व चाकरासही.

दुसरा: जसजशी पायरी चढावी तसतसे विचारावे लागते. साध्या शिपुर्ड्यास जे क्षम्य, ते पाटलास, मास्तरास, पंचास व कारकुनास क्षम्य नाही. मंडळीचा खजिनदारही ह्यात आला, आणि पाळकही आला.

तिसरा: धनी ज्या पापाची आज्ञा देतो, त्या पापाच्या शिक्षेत तो वाटेकरी होत नाही. हिशेबाच्या दिवशी कागदावर सही आपली असते.

चौथा धन्यासाठी आहे. कारण घरात आपण सर्वच कोणाचे ना कोणाचे धनी असतो. आपला गडी, आपली सून, आपला मुलगा आपल्यास ‘हे बरोबर नाही’ असे न भिता म्हणू शकतो काय? म्हणू शकत नसेल तर आपण घरात जासूद पाळीत आहो, साहाय्यक नव्हे.

मंडळीतील चर्चेसाठी प्रश्न

१. जासुदाचा गुण कोणता व कारभाऱ्याचा कोणता? दोहोंची गल्लत झाली तर काय होते?

२. बाजीरावाने टाकून दिल्यावरही त्रिंबकजी त्याच्या मदतीस परत आला. ह्यात स्तुत्य काय व चुकीचे काय?

३. कोरेगावास दोन्ही बाजूंस चाकरच लढत होते. जे राज्य आपल्यास माणूस मानीत नाही, त्याशी निष्ठा ठेवण्यास मनुष्य बांधलेला आहे काय?

४. आपल्या चाकरीत ‘नाही’ म्हणण्याचा प्रसंग कधी आला होता काय? त्या वेळी आपण काय केले, आणि आज तोच प्रसंग आला तर काय करू?

शेवटचा प्रश्न प्रत्येकाने प्रथम घरी, एकांतात स्वतःस विचारावा. मग सभेत बोलावे.